मागणं

शेवटच्या सीटवर झोपलेल्या मुलीच्या हनुवटीखाली अडकलेलं ओळखपत्र त्याने हलक्या हाताने सोडवलं. झोपेत लाळ गळून पट्टी ओली झाली होती आणि तिच्या गळ्याला काचत होती, म्हणून सोडवलं. निदान हात पुढे करताना तरी त्याच्या मनात तेवढंच होतं. पण पट्टी मोकळी झाल्यावर त्याने हात मागे घेतला नाही. त्याने ओळखपत्र उलटं केलं. मागच्या बाजूला शाळेचा फोन नंबर होता, घरचा पत्ता होता आणि खाली, लाल अक्षरांत, रक्तगट.

बी पॉझिटिव्ह.

त्याची नजर तिथून मुलीच्या छातीवर गेली. छाती वर-खाली होत होती, संथ, भरल्या पोटाने झोपलेल्या पोराची होते तशी. वजन वीसच्या आसपास असेल, त्याच्या मनात आलं. साधारण खारूएवढीच.

"उठत नाहीये का ती?" दारातून ताईने विचारलं. गाडीत मुलांना चढवायचं-उतरवायचं काम तिच्याकडे होतं. "थांबा, मी उचलते. आई खाली उभीच आहे तिची."

चटका बसावा तसं त्याने ओळखपत्र सोडलं. ताईने मुलीला खांद्यावर टाकलं आणि ती खाली उतरली. मुलीच्या आईने खिडकीकडे बघून हात हलवला. "थँक्यू हं काका!" ती रोजच म्हणायची. त्याने समोरच्या काचेकडे बघत गाडी सुरू केली.

डेपोत गाडी लावून तो नळाशी गेला. तिथल्या साबणाच्या वडीला डिझेलचा वास यायचा आणि तिच्यात कुणाकुणाचे केस रुतलेले असायचे. ती वडी त्याने कोपरापर्यंत घासली. इतकी वर्षं तो शाळेची गाडी चालवत होता. त्याच्या गाडीत एका पोराचा गुडघाही कधी फुटला नव्हता. आया डोळे झाकून मुलं त्याच्या हवाली करायच्या. आणि आज त्यातल्या एकीच्या लेकराला तो दुकानातल्या मालासारखं निरखून आला होता.

आजच असं नव्हे. गाडी मागे घेताना आरशात बघायची त्याची सवय. तो आरसा गेले कित्येक दिवस रस्ता दाखवत नव्हता. हा फार बारीक. ही जाड आहे. हा चालेल.

त्याने तोंडावर पाणी मारलं आणि ते साबणाचं पाणी तसंच थुंकून टाकलं.

खारू ही त्याची मुलगी. खरं नाव दुसरंच होतं, पण लहानपणी ती दोन्ही हातांत बिस्कीट धरून कुरतडायची, तेव्हापासून ती घरात खारूच झाली. मागच्या वर्षी तिला साधा ताप आला. ताप गेला, पण जाताना हृदय नासवून गेला. डॉक्टरबाईंनी समजावून सांगितलं होतं, की हृदयाचा स्नायू ढिला पडून फुग्यासारखा ताणला गेलाय, औषधांनी फार दिवस निभावणार नाही. बदलावं लागेल.

"बदलायचं म्हणजे?" त्याने विचारलं होतं.

"दुसरं बसवावं लागेल. रक्तगट जुळायला हवा. आकारही. मोठ्या माणसाचं चालणार नाही. मिळालं की आम्ही फोन करू. फोन कधी बंद ठेवू नका."

मिळालं की. मूल हा शब्द कुणीच वापरत नव्हतं. डॉक्टरबाई नाही, नर्स नाही, चर्चच्या मंडळीतलं कुणी नाही. सगळे नुसतं हृदय म्हणायचे. जणू ते कुठल्या तरी फळीवर झाकून ठेवलेलं होतं.

घरी पोचला तेव्हा दारात चपलांचा ढीग पडला होता. आत प्रार्थना चालू होती. पुढची खोली माणसांनी, घामाने आणि केसांच्या तेलाच्या वासाने गच्च भरली होती. पाळकसाहेब मधल्या खुर्चीत डोळे मिटून बसले होते. त्यांच्या कपाळावरून ओघळलेला घाम नाकाच्या शेंड्यावर येऊन थांबला होता आणि पडत नव्हता. कोपऱ्यातले एक म्हातारे गृहस्थ प्रत्येक 'आमेन'च्या आधी घशातला कफ वर आणत आणि 'आमेन' म्हणून झाल्यावर गिळत. आतल्या खोलीत, पडद्यापलीकडे, खारू पडली होती.

"हे दयाळू बापा," पाळकसाहेब म्हणत होते, "तुझ्या या लेकरासाठी तू एक हृदय आधीच तयार ठेवलं आहेस. आम्ही विश्वासाने ते मागतो. ते लवकर पाठव, बापा. आजच पाठव."

"आमेन," सगळे म्हणाले. त्याची बायको सगळ्यांत मोठ्याने.

प्रार्थना संपली तशी चहाची भांडी वाजली. महिला मंडळाच्या सेक्रेटरीबाई त्याच्या बायकोच्या शेजारी सरकल्या. सगळ्या मंडळीची काळजी वाहणारी बाई. कुणाच्या घरी कोण आजारी, हे त्यांना डॉक्टरच्या आधी कळायचं.

"धीर सोडू नकोस बाई," त्या म्हणाल्या. "आता सुट्ट्या लागतायत. सगळे बाहेर पडतात. गाड्या काय सुसाट हाकतात, मागे पोरं बसलेली, डोक्यावर काही नाही. माझा भाऊ दवाखान्यातच आहे ना, तो म्हणतो, याच दिवसांत मिळण्याची शक्यता जास्त. प्रभूची वेळ असते प्रत्येक गोष्टीला."

त्यांनी बिस्कीट चहात बुडवलं. त्याचा भिजलेला तुकडा तुटून कपात पडला. बोटाने तो काढून त्यांनी तोंडात घातला.

"कोणाचं?" तो म्हणाला.

तो आलाय हेच बऱ्याच जणांना तेव्हा कळलं.

"काय म्हणालात?" पाळकसाहेबांनी विचारलं.

"तुम्ही रोज इथे बसून हृदय मागता. कोणाचं मागता? नाव नका सांगू. वय सांगा. मुलगा की मुलगी? आईच्या मागे स्कूटरवर बसलेली, की माझ्या गाडीतून जातात त्यातली?"

"भाऊ, बसा. दमून आलात. पाणी प्या."

"पाणी नकोय मला."

पाळकसाहेबांनी रुमालाने नाक पुसलं. "आपण कुणाचं मरण मागत नाही," ते सावकाश म्हणाले. "अपघात व्हायचे ते होतातच. त्यातून काही चांगलं निघावं, एवढंच आपण मागतो."

"मग 'आजच पाठव' का म्हणालात?"

पाळकसाहेबांनी रुमालाची घडी घातली. मग ती मोडून पुन्हा घातली.

"अशा वेळी सैतान मनात विष कालवतो बरं," सेक्रेटरीबाई हळूच म्हणाल्या.

"विष तुम्ही चहात बुडवून खाताय," तो म्हणाला. आवाज चढला होता. "उठा. उठा सगळे, जा आपापल्या घरी."

ते उठले खरे, पण बाहेर पडायला त्यांना वेळ लागला. चपलांचा ढीग एकमेकांत गुंतला होता. ही सगळी माणसं त्याच्या दारात वाकून, एकमेकांच्या पार्श्वभागांना धक्के देत, आपापली जोडी शोधत राहिली. त्यांना शोधून द्यावं की ढकलून द्यावं, हे न कळून तो तसाच उभा राहिला.

"पप्पा," पडद्यामागून आवाज आला. "कोण ओरडतंय?"

"कोणी नाही. तू पड."

बायको स्वयंपाकघरात कप विसळत होती. तो दारात जाऊन उभा राहिला.

"झालं समाधान?" तिने न वळता विचारलं.

"तुला किळस नाही येत?"

"कशाची?"

"या मागण्याची."

तिने एका कपातला गाळ बोटाने पुसून काढला. "मला कळत नाही असं वाटलं तुम्हाला?" ती म्हणाली. "सेक्रेटरीबाईंना कळत नसेल. मला कळतं. मी डोळे मिटले की मला ते पोर दिसतं. आधी दिसायचं नाही, आता दिसतं. मुलगी आहे. दोन वेण्या घालते. पुढचा एक दात पडलाय. मी तिच्या तोंडाकडे बघून मागते. म्हणते, हिचं दे."

त्याने चौकटीला हात टेकला.

"तुम्हाला किळस करत लांब उभं राहायचं असेल तर राहा," ती म्हणाली. आवाज अजिबात चढलेला नव्हता. "दोघांपैकी एकाला तरी मागायलाच हवं ना? मी मागते. त्याचं जे काय व्हायचं असेल ते माझं होईल. तुम्ही फक्त फोन चालू ठेवा."

क्षणभर त्याला तिचीही शिसारी आली. ओल्या हातांची, मानेवर चिकटलेल्या केसांची, तोंडाने 'बापा' म्हणून असं काही मागणाऱ्या या बाईची. आणि त्याच क्षणी असंही वाटलं, की ती थांबली तर संपलंच. ती मागतेय म्हणून त्याला नाक मुरडता येतंय.

आत खारूला उमासा आला. तो धावला, भांडं धरलं. पोटात काही नव्हतं. पिवळं पाणी आणि भाताची दोन शितं बाहेर पडली. त्याने तिचं तोंड पुसलं, फ्रॉकवर उडालेलं पुसलं, भांडं धुऊन आणलं. तिचे पाय सुजले होते. घोट्यापाशी बोट दाबलं की खळगा पडायचा आणि बराच वेळ तसाच राहायचा. हे सगळं करताना त्याला कधीच किळस वाटली नव्हती. आजही वाटली नाही.

"पप्पा, ते लोक गेले?"

"गेले."

"बरं झालं," ती म्हणाली. "ते आजोबा फार घाण आवाज काढतात." आणि दमून डोळे मिटले.

त्यानंतर प्रार्थना त्याच्या घरी झाली नाही. बायकोच उपासनेला जाऊन यायची. त्याने एकदा स्वतः प्रयत्न करून पाहिला. दुपारी, मुलं शाळेत असताना, रिकाम्या गाडीत. लहानपणापासून तो प्रार्थना करत आला होता, परीक्षेसाठी, नोकरीसाठी, लायसन्ससाठीसुद्धा. हात जोडले, डोळे मिटले. "बापा, दे..." इथवर आला, आणि पुढे काय द्यायचं ते तोंडातून निघेना. 'बरी कर' म्हणून पाहिलं. बरी कशी करणार, ते दोघांनाही माहीत होतं, त्यालाही आणि वर जो ऐकत होता त्यालाही. गाडीत उन्हाने तापलेल्या रेक्झिनचा आणि कुणाच्या तरी सांडलेल्या दुधाचा आंबूस वास भरला होता. तो खाली उतरला, बादली आणली आणि सगळ्या सीटा घासून काढल्या.

फोन आला तेव्हा तो गाडीच्या चाकात हवा भरत होता. बायको बोलत होती.

"आलं," ती म्हणाली.

"काय आलं?"

"दवाखान्यातून फोन आला. लगेच बोलावलंय. मी तिला घेऊन निघतेय, तुम्ही तिकडेच या."

तो तिथेच, चाकाला पाठ लावून, जमिनीवर बसला आणि हसायला लागला. मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. डेपोतला मेकॅनिक धावत आला तर त्याने त्याचे काळे, ग्रीसने माखलेले हात धरून हलवले. "मिळालं," तो म्हणत होता. "मिळालं, मिळालं!" दवाखान्याच्या जिन्यावर धावत चढताना, अर्ध्यावर, त्याच्या लक्षात आलं की आपणही तोच शब्द वापरला. आणि इतका वेळ त्या दुसऱ्या घराची आपल्याला आठवणसुद्धा झाली नाही. पाय थांबले नाहीत. ते धावतच राहिले.

खारूला आत नेलं. डॉक्टरबाई हिरव्या कपड्यांत बाहेर येऊन दोन शब्द बोलून गेल्या. ते कुठून येतंय, हे सांगायचं नसतं. त्यानेही विचारलं नाही. मग लिफ्टचं दार उघडलं आणि दोन तरुण माणसं एक निळी पेटी घेऊन लगबगीने समोरून गेली. सहलीला सरबत थंड ठेवायला नेतात तशी पेटी, वर पांढरं झाकण, झाकणावर चिकटपट्टी. एकाच्या हातमोज्यावर पाणी चमकत होतं. कोपऱ्यातल्या बेसिनपर्यंत पोचायच्या आत त्याला ओकारी झाली. शर्टावर, बुटांवर, भिंतीवर.

कुणीतरी मागून त्याच्या कपाळाला हात लावून धरलं. हात जाडजूड, थंड होता. सेक्रेटरीबाई होत्या. कधी आल्या कोण जाणे. त्यांनी पर्समधला रुमाल काढून त्याची हनुवटी पुसली, तो रुमाल तसाच घडी करून परत पर्समध्ये ठेवला, आणि खाली वाकून कागदाने फरशी पुसायला लागल्या.

"असू द्या," तो म्हणाला.

"तुम्ही बसा," त्या म्हणाल्या. शस्त्रक्रिया चालली तितका वेळ त्या समोरच्या बाकावर बसून होत्या. त्यांचे ओठ हलत होते. काय मागतायत, हे आता त्याला ऐकायचं नव्हतं, पण त्या उठून जाऊ नयेत असं मात्र वाटत होतं.

बायको काही मागत नव्हती. ती हात मांडीवर उलटे टाकून बसली होती. मांडीवर कुणी ठेवून विसरून गेल्यासारखे ते हात दिसत होते.

खारू जगली. आधी तिची नखं गुलाबी झाली, मग ओठ. नळ्या एकेक करून निघाल्या. घरी आली तेव्हा जिने चढताना ती मध्ये थांबली नाही.

पुढच्या रविवारी उपासनेत सगळ्यांपुढे आभाराची साक्ष द्यायला या, असं पाळकसाहेबांनी बोलावणं पाठवलं. खारूला गर्दीत न्यायचं नव्हतं, म्हणून निदान दोघांपैकी एकाने तरी यावं. त्याला वाटलं, बायको जाईल. तीच तर मागत होती. ती निघाली नाही. रविवारी सकाळी ती डोकं बांधून पडून राहिली. त्याच्या पुढच्या रविवारीही.

"बरं नाही का?" त्याने विचारलं.

"बरी आहे."

"मग उपासनेला?"

"माझं मागून झालंय," ती म्हणाली आणि कुशीवर वळली.

जेवताना प्रार्थना म्हणणंही तिने सोडलं. खारू हात जोडून वाट बघायची, मग एकटीच पुटपुटायची आणि जेवायला लागायची. त्याने ते पाहून न पाहिल्यासारखं केलं. बायको आता हलक्या आवाजात बोलायची, कुणी आजारी पडलेलं असावं तशी, आणि खारूच्या वेण्या घालायची वेळ आली की शेजारणीला हाक मारायची.

एका दुपारी तिघं टेबलाशी बसली होती. बायको चमच्याने औषध मोजत होती. त्याने अंडं सोलून खारूच्या ताटात ठेवलं होतं. खिडकीतून ऊन येत होतं आणि खारू फ्रॉकचा गळा वाकवून छातीवरचा व्रण बघत होती.

"मम्मी," ती म्हणाली, "जिचं आहे, तिच्या मम्मीने पण प्रार्थना केली असेल ना?"

बायकोच्या हातातला चमचा थांबला. औषध सांडलं नाही.

कोण सांगून गेलं हिला, असं त्याला आधी वाटलं. मग वाटलं, कुणी सांगायला कशाला हवं. पडदाच तर होता मध्ये.

"केली असेल," बायको म्हणाली.

"तू केलीस तशीच?"

"तशीच."

"म्हणजे एकाच वेळेला दोघी?"

बायकोने चमचा तिच्या तोंडात घातला. तिने गिळलं, तोंड वाकडं केलं, पाणी प्यायली आणि पुन्हा आईकडे बघत राहिली. मग ती त्याच्याकडे वळली.

बायकोही त्याच्याकडे बघत होती. दवाखान्यातून आल्यापासून पहिल्यांदाच ती त्याच्याकडे सरळ बघत होती.

"सांगा ना तिला," ती म्हणाली. "विचारणारे तुम्हीच होतात."

त्याच्या बोटांना अंड्याच्या टरफलाचे कण चिकटले होते. त्याने ते ताटाच्या कडेला पुसले. आतापर्यंत त्याच्याजवळ सांगायला जे होतं ते सगळं थुंकण्यासारखं होतं. आणि ते या टेबलावर, या दोघींसमोर, थुंकता येत नव्हतं. त्याने हात जोडले. किती दिवसांनी जोडले, आणि तेही नीट धुतलेले नाहीत, हे त्याला जाणवलं. खारूने लगेच डोळे मिटून हात जोडले. बायकोने जोडले नाहीत, पण ती उठूनही गेली नाही.

"बापा," तो म्हणाला, "ती जी बाई आहे..."

रस्त्यावरून कुणीतरी हॉर्न वाजवत गेलं.

"ती बाई..." तो पुन्हा म्हणाला. तिला काय द्यायचं? बायकोने समोरचा हात टेबलावर पुढे सरकवला, त्याच्या मनगटापर्यंत, आणि तिथे थांबवला.

खारूने एक डोळा उघडून पाहिलं. बराच वेळ थांबली. मग मोठ्या माणसांची प्रार्थना फार लांबली की ती करायची तसं तिनेच "आमेन" म्हणून टाकलं, आणि अंडं उचलून म्हणाली, "आणखी एक आहे का? मला भूक लागलीय."